देवाची सेवा करायची आहे, पण भीती वाटते

महाशिवरात्रीला चामोर्शीहून मार्कंड्याकडे जाणारा रस्ता माणसांनी भरून जातो. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळते, म्हणून मार्कंडादेवला विदर्भाची काशी म्हणतात. आंघोळ, दर्शन, नारळ आणि लाह्या-फुटाण्याची पुडी घेऊन बहुतेक लोक संध्याकाळी घरी परततात. काहींच्या मनात मात्र वेगळीच चुळबुळ सुरू होते. आपणही काही करावे, नुसता नमस्कार पुरे नाही, असे त्यांना वाटू लागते. कुणाला गुरुदेव सेवा मंडळाच्या कामात झोकून द्यायचे असते, कुणाला कीर्तन शिकायचे असते. चर्चमध्ये जाणाऱ्या एखाद्या मुलाला धर्मसेवक व्हायचे असते, तर एखादीला नर्स होऊन भामरागडकडे जायचे असते. आणि मग रात्री अंथरुणावर पडल्यावर प्रश्न सुरू होतात. मला जमेल का? घरचे काय म्हणतील? ही खरोखर देवाची हाक आहे, की माझ्याच मनाचे खेळ?

हा लेख त्या रात्रीच्या प्रश्नांविषयी आहे. उत्तरे शोधायला लांब जायची गरज नाही, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतच ती पुष्कळ सापडतात.

मार्कंडेयाची मिठी

मार्कंड्याचे नाव ज्याच्यावरून पडले त्या मुलाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मृकंड ऋषींना मूल नव्हते. वर मिळाला तो अटीसह: मुलगा गुणी होईल, पण सोळाच वर्षे जगेल. सोळावे सरताना यम फास घेऊन आला, मुलाने शिवाच्या पिंडीला मिठी मारली, आणि शिव पिंडीतून प्रकट होऊन यमाच्या आड आला.

कीर्तनात ही गोष्ट भक्तीचा विजय म्हणून सांगतात. माझे लक्ष मात्र त्या मिठीकडे जाते. अशी घट्ट मिठी निश्चिंत माणूस मारत नाही, घाबरलेले पोरच मारते. मार्कंडेयाची भीती आधी गेली आणि मग तो पिंडीजवळ गेला, असे कथेत कुठेही नाही. तो घाबरलेल्या अवस्थेतच तिथे होता, पूजा सोडून पळाला नाही एवढेच. भीती गेल्यावर सेवेला लागू, असे म्हणून थांबलेल्यांनी या मुलाकडे पुन्हा एकदा पाहावे.

नेमकी कशाची भीती

‘भीती वाटते’ असे म्हणून विषय संपवला की काही हाती लागत नाही. कशाची, ते विचारावे लागते. काही भीती शरीराची असते: रोग, जंगल, साप, रात्रीचा प्रवास. काही लोकांची असते: ‘हा काय मोठा संत लागून गेला’ हे टोमणे. घराची काळजी वेगळीच. धानाची शेती दोन एकर, आईबाप म्हातारे, बहिणीचे लग्न व्हायचे, अशा घरातला मुलगा सेवेला निघाला तर रोवणी कोण करणार, हा प्रश्न भित्रेपणाचा नसून हिशेबाचा आहे, आणि त्याला हिशेबानेच उत्तर द्यावे लागते. याशिवाय एक भीती असते ती फारसे कुणी बोलून दाखवत नाही: मी या कामाच्या लायकीचा नाही. आपल्या जुन्या चुका, व्यसन, कमी शिक्षण, जात, गरिबी हे सारे त्या वेळी समोर उभे राहते.

प्रत्येक भीतीचा उपाय निराळा आहे. रोगाच्या भीतीला माहिती लागते, घराच्या काळजीला नियोजन लागते, लायकीच्या शंकेला कुणाची तरी सोबत लागते. नुसते ‘देवावर विश्वास ठेव’ हे एकच औषध सगळ्यांना पाजले की माणूस हो म्हणतो आणि दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद करतो.

वरोऱ्याचा वकील पळाला तेव्हा

मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, हे २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला जन्मले. घर जमीनदाराचे, शिक्षण वकिलीचे, प्रॅक्टिस वरोऱ्याला. भीती हा शब्द त्यांच्या ओळखीचा नव्हता. रेल्वेच्या डब्यात गोरे सैनिक एका नवविवाहितेची छेड काढत होते तेव्हा हा माणूस एकटा मध्ये पडला आणि मार खाऊनही मागे हटला नाही. ते कळल्यावर गांधीजींनी त्यांना ‘अभय साधक’ म्हटले. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे दुःख समजून घ्यायचे म्हणून त्यांनी काही महिने डोक्यावरून मैलाही वाहिला.

त्याच काळातली एक पावसाळी रात्र. गटाराच्या कडेला चिंध्यांचा ढीग पडल्यासारखे काहीतरी दिसले. जवळ गेले तर तो माणूस होता. बोटे झडलेली, जखमांत अळ्या. त्याचे नाव तुळशीराम. बाबा तिथून पळाले.

मैला उचलताना ज्यांना किळस आली नाही, बंदूकधाऱ्यांसमोर जे थरथरले नाहीत, ते एका मरणासन्न माणसाला पाहून पळाले. पुढे त्यांनी हे स्वतःच वारंवार सांगितले, लपवले नाही. घरी पोचल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ही वेळ आपल्यावर, आपल्या बायकोवर आली असती तर, या विचाराने ते परत फिरले. पावसापासून आडोसा केला, तुळशीरामला खाऊ घातले, त्याच्या जखमा धुतल्या. तुळशीराम फार जगला नाही.

पण परत फिरल्याने भीती संपली नाही, हे या प्रसंगातले सगळ्यात महत्त्वाचे. त्यानंतर कित्येक महिने ते आतून अस्वस्थ होते. हात काम करत होते आणि मन घाबरलेले होते, दोन्ही एकाच वेळी. त्यांचे चरित्र थोडक्यात सांगणारे इथेच घाई करतात: पळाले, लाजले, परतले, झाले थोर. मधले महिने गाळले की ऐकणाऱ्याला वाटते, माझी भीती एका रात्रीत गेली नाही म्हणजे मला हाकच आली नाही.

आधी शिकले, मग उतरले

या अस्वस्थतेवर बाबांनी जो उपाय केला तो अगदी व्यवहारी होता. ते कुष्ठरोग शिकायला गेले. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये १९४९-५० मध्ये त्यांनी या रोगाचे प्रशिक्षण घेतले. संशोधनासाठी स्वतःच्या शरीरात रोगजंतू टोचून घ्यायलाही ते तयार झाले. जंतू टोचले, पण रोग जडला नाही. भीती ज्या गोष्टीची होती ती अंगावर घेऊन पाहिली आणि शरीराने तिला जुमानले नाही.

आज यामागचे कारण आपल्याला ठाऊक आहे. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेनने १८७३ मध्ये शोधला. बहुतांश माणसांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते, त्यामुळे तो सहजासहजी पसरत नाही. १९४० च्या दशकात डॅप्सोन आले, १९८० च्या दशकात अनेक औषधांचा एकत्रित उपचार, एमडीटी, सुरू झाला. आज सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, आणि या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गडचिरोली आणि चंद्रपूर हे राज्यात कुष्ठरोगाचे रुग्ण जास्त आढळणाऱ्या जिल्ह्यांपैकी आहेत, म्हणून हे इथे मुद्दाम लिहितो: अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो बधिर असेल, तर आशाताईंना दाखवा.

या रोगाची धास्ती नुसती अडाण्यांची नव्हती. जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे आपल्या देशात घटस्फोटाचे कायदेशीर कारण होते, आणि ते २०१९ मध्ये काढले गेले. शिकलेले, कायदे करणारे लोक घाबरत होते. तेव्हा सेवेला निघालेला माणूस घाबरला तर त्यात नवल नाही.

सेवेचे कुठलेही क्षेत्र असो, शिक्षणाचा हा टप्पा टाळू नये. क्षयरोग्यांत काम करायचे तर क्षय कसा पसरतो ते आधी समजून घ्यावे. दारू सोडवण्याच्या कामात पडायचे तर एकाएकी दारू बंद केल्यावर शरीराला काय होते हे माहीत असावे. श्रद्धा आहे म्हणून अभ्यास नको, असे म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो.

साधनाताई नसत्या तर

१९४६ मध्ये बाबांचे लग्न झाले. साधनाताई देवधर्म मानणाऱ्या, सनातनी वळणाच्या घरातून आलेल्या. वरोऱ्याजवळ सरकारने दिलेल्या पन्नास एकर खडकाळ, झुडपी जमिनीवर १९५१ मध्ये आनंदवन सुरू झाले, उद्घाटनाला विनोबा होते. जवळ सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये होते. सोबत दोन मुलेही होती. विकास चार वर्षांचाही नव्हता, प्रकाश त्याहून वर्षभराने लहान. विंचू, साप, जंगली जनावरे आणि ज्यांना गावाने हाकलून दिले ते शेजारी, अशा ठिकाणी एका आईने ही मुले वाढवली.

लोक बाबांच्या धैर्याविषयी बोलतात. मला वाटते, त्या जमिनीवरचे अधिक कठीण धैर्य साधनाताईंचे होते. बाबांच्या आत निदान ती रात्र जळत होती. साधनाताईंनी दुसऱ्याला आलेली हाक आपली मानली आणि रोजचा स्वयंपाक, रोजची जखम, रोजची मुले सांभाळत ती निभावली. त्यांचे ‘समिधा’ हे आत्मकथन सेवेला निघू पाहणाऱ्या प्रत्येक विवाहित पुरुषाने वाचावे, आणि बायकोला न विचारता घर सोडण्याच्या बेतात असेल तर दोनदा वाचावे.

बाबा स्वतः देवळात रमणारे नव्हते. तरी १९९० मध्ये त्यांना टेम्पलटन पुरस्कार मिळाला, जो धर्म आणि अध्यात्माच्या क्षेत्रातील कार्यासाठी देतात. देवाचे नाव न घेता केलेली सेवा देवाची की नाही, यावर चामोर्शीच्या पारावर रात्रभर वाद होऊ शकतो. तो वाद इथे घालत नाही.

हेमलकशाची शंका

चामोर्शीहून आष्टी, आलापल्ली करत भामरागडच्या वाटेला लागले की हेमलकसा येते. २३ डिसेंबर १९७३ रोजी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे शस्त्रक्रियेचे पुढचे शिक्षण सोडून आले, डॉ. मंदाकिनी भूलतज्ज्ञ. वीज नव्हती, पावसाळ्यात रस्ते तुटत. आणि ज्यांच्यासाठी आले ते माडिया लोक त्यांना पाहून दूर पळत.

इथे भीती दोन्ही बाजूंना होती. बाहेरून कपडे घालून आलेला माणूस म्हणजे फसवणूक, हा माडियांचा अनुभव होता आणि तो खोटा नव्हता. डॉक्टरांना त्यांची भाषा येत नव्हती. आपण इथे उपयोगाचे आहोत का, हा प्रश्न किती वेळा मनात आला असेल! तो सुटला भाषणाने नाही. आगीत भाजलेला, घरच्यांनी आशा सोडलेला एक रुग्ण उपचाराने बरा झाला आणि ती बातमी पाड्यापाड्यांत गेली. मग माणसे येऊ लागली. डॉक्टर माडिया बोलायला शिकले. आणि जे कॉलेजात शिकले नव्हते तेही करावे लागले, कारण पुढचे मोठे रुग्णालय गाठेपर्यंत रुग्ण वाचला नसता. २००८ मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, बाबांना तो १९८५ मध्येच मिळाला होता.

‘मी लायक आहे का’ याचे उत्तर घरी बसून मिळत नाही, हे हेमलकशाने दाखवले. ते एका रुग्णाने दिले, आणि तेही काम सुरू झाल्यावर.

शंका घेणारे भक्त काही कमी नाहीत

शंका आली म्हणजे भक्ती कच्ची, असा आपल्याकडे उगाच समज आहे. वास्तविक कच्चेपणाची सर्वात प्रसिद्ध गोष्ट नामदेवांचीच आहे. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी कुंभाराच्या थापटण्याने सगळ्यांची डोकी तपासली आणि विठ्ठलाच्या लाडक्या नामदेवांना कच्चे ठरवले. नामदेव रुसले, पण मग विसोबा खेचरांकडे गेले आणि शिकले. अर्जुनाने तर ऐन रणांगणात धनुष्य खाली ठेवले. त्याच्या शंकांवर गीता उभी राहिली आणि गीतेवर १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी.

दुसऱ्या धर्मांतही हेच दिसते. बायबलमधला मोशे ‘मला नीट बोलता येत नाही’ म्हणून देवाला नकार देत राहतो, शेवटी त्याचा भाऊ अहरोन सोबत दिला जातो. योना तर हाक ऐकून उलट दिशेच्या जहाजात बसतो. हिरा गुहेतल्या पहिल्या अनुभवानंतर पैगंबर मुहम्मद थरथरत घरी आले, तेव्हा खदीजांनी त्यांना पांघरूण घातले आणि धीर दिला. यांतल्या बहुतेकांना कुणी ना कुणी माणूस भेटला. भाऊ, बायको, गुरू. एकट्याने भीती गिळून टाकल्याची कथा मला तरी कुठे सापडली नाही.

हाक खरी कशावरून

प्रत्येक ओढ देवाचीच असते असे नाही. जाहिरात, कुणावरचा राग, घरातून सुटका, परीक्षेतले अपयश यांतूनही माणसाला एकदम ‘सेवा’ आठवते. तपासायला काही जुन्या, साध्या कसोट्या आहेत.

पहिली, ओढ टिकते का? यात्रेतली उमळ चार दिवसांत ओसरते. सहा महिन्यांनी, रोवणीची धावपळ उरकल्यावरही ती तशीच असेल तर लक्ष द्यावे. दुसरी, तिचा उपयोग कुणाला होतो? राष्ट्रसंत तुकडोजी महाराज तरुणपणी चिमूर भागातल्या रामदिघीच्या जंगलात तप करत राहिले, पण तिथेच थांबले नाहीत. खंजिरी घेऊन गावोगाव फिरले, प्रार्थनेसोबत झाडू हातात दिला, आणि १९४२ मध्ये चिमूरच्या उठावानंतर तुरुंगातही गेले. जंगलातून गावाकडे येणारी ओढ खरी असण्याची शक्यता जास्त. गावाकडून फक्त स्वतःच्या मोठेपणाकडे जाणारी असेल तर सावध राहावे.

काही गोष्टींवर मात्र तिथल्या तिथे थांबावे. कुणी बाबा, महाराज, पास्टर किंवा मौलवी ‘देव तुला बोलावतो आहे’ म्हणत शेती विकायला, दागिने द्यायला, रोग्याची औषधे बंद करायला किंवा हे सगळे घरच्यांपासून लपवायला सांगत असेल, तर ती हाक त्याची स्वतःची आहे. आणि कानात सतत आवाज येऊन हुकूम देत असतील, रात्र रात्र झोप नसेल, मन एकदम अतिउत्साहाने भरून पैसे उधळावेसे वाटत असतील, तर आधी डॉक्टरांना भेटा. १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर मराठीत आणि फुकट बोलता येते. उपचार घेतल्याने खरी हाक विझत नाही.

सुरुवात कुठून

धानकापणी आणि चुरणी उरकल्यावर, थंडीत, हाताशी वेळ असतो. झाडीपट्टीत तो नाटकांचाही हंगाम, म्हणजे रात्री जागायची सवय असतेच. त्या दिवसांत आठवड्यातला एक ठरावीक वार काढावा. तालुक्यात अनेक गावांत गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, तिथे जाऊन बसायला कुणी शुल्क मागत नाही. प्रार्थनेनंतर बैठक झाडायची, सतरंज्या घड्या करायच्या, एवढ्यापासून काम मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरोग शोधमोहिमेच्या वेळी आशाताईंबरोबर घरोघर फिरायला माणसे हवीच असतात. शिवरात्रीच्या यात्रेत पाणी देणे, चुकलेली मुले पोलिसांच्या मंडपापर्यंत पोचवणे, दुसऱ्या दिवशी काठावरचे प्लास्टिक उचलणे, ही कामे तर दरवर्षी हात शोधत असतात. आनंदवनच्या परिवारातल्या सोमनाथला, मूलजवळ, तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणीची परंपरा आहे. घाम गाळून स्वतःला जोखायचे तर ती उत्तम जागा.

घरच्यांशी बोलताना ‘मी जातो’ असे सांगू नये, ‘एक हंगाम करून पाहतो’ असे म्हणावे. रोवणीला घरी राहण्याचा शब्द द्यावा आणि पाळावा. पूर्णवेळ जायचेच ठरले तर सहा महिन्यांच्या घरखर्चाची सोय आधी करून ठेवावी आणि आईबापांच्या औषधपाण्याची जबाबदारी कोणत्या भावाबहिणीची ते समोरासमोर बसून ठरवावे. हंगाम संपल्यावर, हे काम माझे नाही असे वाटले तर परत यावे. पुष्कळ लोक परत येतात, शेती करतात, आणि महिन्यातून एक गुरुवार दवाखान्यात रुग्णांची नावे लिहून द्यायला जातात.